खेकडा पाय का सोडतो?

जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर मोखाडा-जव्हारच्या भातखाचरांत आणि ओहोळांच्या काठी रात्री बत्त्या फिरू लागतात. खेकडे बिळांबाहेर पडण्याचे हे दिवस. खेकडे धरण्यात मुरलेला मुलगा खेकडा पायाला धरून उचलत नाही, मागच्या बाजूने पाठीवर धरतो. नांगीचा चिमटा बसू नये हे एक कारण. दुसरे असे की, पायाला धरले तर पाय हातात राहतो आणि खेकडा बिळात!

पाय आपण ओढला म्हणून तुटला, असे आपल्याला वाटते. वास्तविक तो खेकड्यानेच तोडलेला असतो. बेल्जियमचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लेओं फ्रेदेरिक यांनी खेकड्यांवर प्रयोग करून हे दाखवले आणि १८८३ साली या क्रियेला ‘ऑटोटॉमी’ हे नाव दिले. आपण तिला स्वांगच्छेद म्हणू. मेलेल्या खेकड्याचा पाय ओढून काढायला पुष्कळ जोर लागतो. जिवंत खेकडा मात्र पाय नुसता चिरडला गेला तरी तो क्षणात टाकून देतो. तेथे ओढण्याचा प्रश्नच नसतो.

हे कसे घडते? खेकड्याच्या पायाची बुडाकडून दुसरी व तिसरी पेरे एकजीव झालेली असतात. त्या जागी कवचावर एक बारीक खाच गोल फिरलेली दिसते. पायाला इजा होताच बुडाचा स्नायू जोराने आकसतो आणि पाय नेमका या खाचेवर मोडतो. खाचेच्या आत पातळ पडदा आधीपासूनच तयार असतो. त्यात मज्जातंतू व रक्त जाण्यापुरते लहानसे भोक असते. पाय तुटताच ते मिटते, त्यामुळे रक्त फारसे वाहत नाही. पाय भलत्याच जागी तुटला तर रक्तस्रावाने खेकडा दगावूही शकतो.

पुढे खुंटावर कोंब येतो. नवा पाय त्यात घडी घालून बसलेला असतो आणि खेकडा कात टाकतो तेव्हा उलगडतो. प्रथम तो आखूड असतो. एक नांगी मोठी आणि दुसरी अगदीच चिमुकली असलेला खेकडा दिसला, तर हे एक कारण असू शकते.

घरातल्या पालीची शेपटीही अशीच ठरलेल्या जागी तुटते, पण ती दोन मणक्यांच्या मध्ये नव्हे, तर एकाच मणक्याच्या मधोमध! तुटलेले शेपूट वळवळत राहते, शत्रू त्याकडे पाहत बसतो, पाल निसटते. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते. म्हणून पुढच्या वेळी पालीला शेपूट आणखी बुडाकडून सोडावे लागते. शिवाय शेपटीत साठवलेली चरबीही गेलेली असते. सौदा महागच.

हे पाहण्यासाठी कोणाचा पाय किंवा शेपूट तोडू नका. या पावसाळ्यात पाय गमावलेला खेकडा सापडला तर त्याचा खुंट भिंगातून पाहा आणि वहीत चित्र काढा. तो खाचेवर तुटला आहे की मधेच? कोंब आला आहे का? मग खेकडा सापडला त्याच बिळाजवळ सोडून द्या.