फाटकाबाहेरचं काम

चि. निखिल,


परिवीक्षा अधिकारी म्हणून रुजू झालास, बरं वाटलं. तुझ्याकडचा तो कोयता घेऊन रील काढणारा सोळा वर्षांचा पोरगा निरीक्षणगृहात आता पहाटे उठतो, प्रार्थनेला पुढे बसतो, कुणाशी भांडत नाही, म्हणून तू हरखून गेला आहेस. इतक्यात हरखू नकोस. आत घंटा आहे, पहारा आहे, वेळेवर जेवण आहे आणि त्याची टोळी नाही. तिथे शहाण्यासारखं वागणं सोपं. काही पोरं तर अहवाल चांगला जावा म्हणूनच तसं वागतात. त्यात गैर काही नाही; मोठी माणसं साहेबापुढे दुसरं काय करतात?

खरं काय ते तो वस्तीत परतल्यावर कळेल. म्हणून तुझा निम्मा वेळ फाटकाबाहेर जाऊ दे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला पहिल्यांदा बाल न्याय मंडळापुढे उभं केल्यापासून 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. तो ऑफिसात बसून, आईला बोलावून भरता येतो : ‘वडील व्यसनी, संगत वाईट, शिक्षण अर्धवट.’ कुठल्याही पोराच्या नावावर खपेल असं वाक्य! तू घरी जा, तेही संध्याकाळी सातनंतर. आई धुण्याभांड्याची कामं उरकून किती वाजता येते, तोवर घरात कोण असतं, पोरगं रात्री झोपतं कुठे, हे बघ. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असली की ते चौकात बसणारच. ‘चौकात बसू नको’ म्हणून भागत नाही, बसायला दुसरी जागा लागते. मामाचं गॅरेज असो, तालीम असो, ढोलपथक असो. फक्त तिथे एखादं वडीलधारं माणूस हवं, जे त्याचा एक दिवस चुकला तर ‘काल कुठे होतास रे?’ म्हणून विचारेल. असं माणूस शोधणं हेच तुझं मुख्य काम. बाकी कागद कारकूनही भरेल.

कुणीतरी सुचवेल, पोरांना तुरुंग दाखवून आणू, घाबरतील. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांकडून मुलांना असाच दम दिला जाई. 1978 साली त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्करही मिळालं. पुढे अशा कार्यक्रमांच्या नीट चाचण्या झाल्या, तेव्हा तुरुंग पाहून आलेली मुलंच जास्त गुन्हे करताना आढळली. बिघडलेल्या पोरांचाच गट बसवून समुपदेशन करणंही जपून. थॉमस डिशन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये हा धोका दाखवून दिला : पोरं एकमेकांच्या पराक्रमांना हसून दाद देतात आणि त्या दादेपुढे तुझं व्याख्यान फिकं पडतं.

त्याच्याशी एकट्याशी बोल, आणि आधी विचार, कोयत्यातून त्याला मिळालं काय? गल्लीत नाव झालं, कुणी त्रास देईना, हातात पैसे आले, असं काहीतरी सांगेल. ‘हे सगळं खोटं आहे’ म्हणू नकोस. त्याच्यापुरतं ते खरं असतं. मग यातलं काय नकोसं झालंय ते विचार आणि गप्प बस. सोडायचं कारण त्याच्या तोंडून यायला हवं. तू दिलेलं कारण तो फाटकापर्यंतच नेईल.

शाळा सुटली असेल तर दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घे. अठरा पूर्ण होत आले आणि घरी परतण्यात धोका असेल, तर अनुरक्षणगृहात राहण्याची सोय होईल का, याची चौकशी वेळेआधी कर, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

आणि एक. बाहेर गेल्यावर तो पुन्हा एकदा तरी घसरेल. बहुतेक पोरं घसरतात. त्या दिवशी मंडळाला द्यायच्या अहवालात घडलं ते झाकू नकोस. पण गॅरेजात तो किती महिने वेळेवर गेला, आईच्या हातात पगार दिला की नाही, जुनी टोळी बोलवायला आली तेव्हा कितीदा नाही म्हणाला, हेही त्याच पानावर लिही. मालकाला आणि आईला सुनावणीला बरोबर घेऊन जा.

तुझी,
सुधामावशी