तळाशी बेडूक, वाटीत सोलकढी

कपातलं दूध संपत आलं की तळाशी बसलेला बेडूक हळूच डोकं वर काढतो. तो दिसावा म्हणून दुधाला नाक मुरडणारं मूलही शेवटचा घोट घेतं. इंग्लंडमध्ये सन्डरलंड आणि स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत असे बेडूकवाले मग भरपूर केले. तिथे ती मोठ्या माणसांची थट्टा होती. मातीकामातली ही खोडकर बाजू मला सगळ्यांत प्रिय आहे. शेपटीचा कान असलेला मांजरकप, झाकणावर झोपलेली चिमणी, माशाच्या आकाराची वाटी ही माझी कामं. माझी मैत्रीण त्यांच्या जोडीचे नॅपकिन, अभ्रे आणि गोधड्या करते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून बेडूक करायचा असतो. मी कुणाला नको म्हणत नाही. फक्त विचारते, हा कप रोज घासणार कोण आणि कसा?

बेडकाच्या पोटाखाली फट राहिली तर तिथे दूध साचतं आणि दोन दिवसांत वास येतो. म्हणून सांधा चिखलाने भरून गोल करायचा आणि मोठ्या माणसाची दोन बोटं स्पंजासकट बेडकाभोवती फिरतील एवढा कप रुंद ठेवायचा. बेडूक पोकळ आणि सगळीकडून बंद असेल, तर तो भट्टीत फुटतो. माती वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते, शंभर अंशांच्या पुढे तिची वाफ होते आणि वाफेला वाट लागते. भोक पाडायचं, पण कपाच्या आत नव्हे, नाहीतर दूध बेडकाच्या पोटात शिरेल. ते बुडातून बाहेर काढायचं. त्याहून सोपं म्हणजे बेडूक लहान आणि भरीव करावा आणि अगदी सावकाश सुकवावा.

मापाचंही तसंच. आमची स्टोनवेअरची माती ओली ते पक्की होईपर्यंत 12 टक्के आकसते. हे लांबीचं माप झालं. आकसणं तिन्ही दिशांना होतं, त्यामुळे ओला असताना 200 मिली मावणारा कप भट्टीतून निघतो तेव्हा त्यात 136 मिलीच मावतं. त्यातली जागा बेडूक घेतो. मोठा कप करायला घेऊन बाहुलीचा कप हाती पडलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत.

पण जी गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे ती रंगाची. कोकणातल्या एका घरगुती खाणावळीने सोलकढीसाठी माशाच्या वाट्या सांगितल्या. रंग हिरवा हवा होता, आतूनबाहेरून. एका पुरवठादाराकडून तयार ग्लेझ आणलं. डब्यावर ते जेवणाच्या भांड्यांना चालतं असं छापलेलं होतं. भट्टीतून निघालेल्या वाट्या फार देखण्या होत्या. आमच्याकडे नव्या ग्लेझची एक वाटी नेहमी बाजूला काढतात. तिच्यात अर्ध्यापर्यंत कोकमाचं आगळ ओतून रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी धुऊन पाहिली तर आगळ होतं तिथवर हिरवा फिकट पडलेला, चकाकी गेलेली, आणि मधोमध स्वच्छ रेघ. तो हिरवा कुठे गेला असेल हे सांगायला नको. वाट्या खाणावळीत गेल्या असत्या तर तो पाहुण्यांच्या पोटात गेला असता.

ग्लेझ म्हणजे मातीवर वितळून बसलेली काच. असा हिरवा बहुतेकदा तांब्याच्या ऑक्साइडचा असतो. तांबं जास्त झालं किंवा भट्टीची आच ग्लेझला हवी त्याहून कमी पडली, तर ते काचेत घट्ट धरलं जात नाही आणि आंबट पदार्थ त्याला ओढून काढतो. शिसं याहून घातक. ते कमी आचेवर वितळतं, रंगाला झळाळी देतं म्हणून वापरायचा मोह होतो. अन्नात उतरलं तर दिसत नाही आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. शिशाच्या ग्लेझमध्ये तांबं मिसळलं की शिसं आणखी सहज सुटतं. डब्यावरचं छापील वाक्य ठरावीक तापमानापुरतं खरं असतं. तुमच्या भट्टीत काय झालं ते डब्याला माहीत नसतं.

म्हणून आंबटाची परीक्षा घ्याच. लिंबाची फोड, व्हिनेगर, आगळ, काहीही चालेल. मात्र तिचा अर्थ नीट समजून घ्या. रंग बदलला तर ग्लेझ नक्की वाईट. नाही बदलला तर ते चांगलं आहे असं ठरत नाही, कारण शिसं रंग न बदलताही उतरतं. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तिथे भांड्यात 4 टक्के ॲसेटिक ॲसिड 24 तास ठेवून त्यात उतरलेलं शिसं आणि कॅडमियम मोजतात. खर्च येतो, पण कुणाच्या तरी ताटात जाणाऱ्या वस्तूसाठी तो टाळू नये.

त्या वाट्या आम्ही नव्याने केल्या. आतून आणि ओठ लागतात त्या वरच्या दोन सेंटिमीटरच्या पट्टीवर तपासून घेतलेलं पांढरं ग्लेझ, हिरवे खवले फक्त बाहेर. खाणावळीच्या काकू आधी हिरमुसल्या. ती फिकटलेली वाटी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो बाई, बरं झालं आधीच पाहिलंस." आणि खरं म्हणजे सोलकढीचा गुलाबी रंग पांढऱ्यावरच खुलतो. आपल्या जुन्या लोणच्याच्या बरण्या याच कसोटीला उतरलेल्या असतात: आतून साधं ग्लेझ, रुंद तोंड आणि वर्षभर मीठ-आंबट पोटात.

कापडाची कसोटी म्हणजे पहिली धुलाई. मांजरपाट कापण्याआधी गरम पाण्यात उकळून त्याची खळ काढा, नाहीतर रंग डाग पडल्यासारखा बसतो आणि शिवलेला मासा धुतल्यावर वाकडा होतो. पिगमेंटची ठसेछपाई सुकली म्हणजे पक्की झाली असं नसतं. तिला साधारण 150 अंशांची उष्णता काही मिनिटं मिळावी लागते. नॅपकिनवर हळद सांडणारच, आणि साबण लागला की तो पिवळा डाग लाल होतो. लोक घाबरतात. खळबळून धुवा आणि कडक उन्हात वाळत घाला, हळदीचा रंग ऊन खातं. म्हणून नॅपकिनचे बाकीचे रंग उन्हात टिकणारे निवडावेत.

माशाच्या उशीला मण्यांचे डोळे फार गोड दिसतात. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर ते नकोतच. तुटलेला मणी घशात अडकतो. डोळे धाग्याने भरा. अभ्रा वेगळा काढता येईल असा करा, कारण पावसाळ्यात कापसाला बुरशी धरते.

मग काही जण म्हणतात, एवढं सगळं कशाला, आम्ही शोभेच्याच वस्तू करू. जरूर करा. जयपूरची ब्लू पॉटरी घ्या. ती चिकणमातीची नसून क्वार्ट्झच्या भुकटीची असते, कमी आचेवर भाजतात आणि फरश्या, दारांच्या मुठी म्हणून अप्रतिम दिसते. पण शोभेची वाटी वाटीसारखीच दिसत असेल, तर घरात आलेली पाहुणी तिच्यात चटणी वाढणार. खाली चिकटवलेली चिठ्ठी कुणी वाचत नाही, आणि धुण्यात ती निघूनही जाते. अमेरिकेत यासाठी नियम आहे: शिसं असलेलं शोभेचं भांडं खाण्याच्या भांड्यासारखं दिसत असेल, तर त्यावर कायमचा इशारा हवा किंवा अन्न राहूच नये असं भोक हवं. आम्ही दुसरी वाट घेतो. माती ओली असतानाच बुडाला तार ओवण्याजोगी दोन भोकं पाडतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, हा मासा भिंतीवरचा.