न झिजणाऱ्या वस्तूची निगा

विहिरीतला गाळ उपसावा लागतो, पावसाळ्यापूर्वी घरावरची कौले चाळावी लागतात, धरणाच्या लोखंडी दरवाजांना गंज चढू नये म्हणून रंग आणि वंगण द्यावे लागते. वापराने आणि ऊनपावसाने वस्तू झिजते व झिजलेल्या वस्तूची डागडुजी करावी लागते, हे भोर-वेल्ह्याच्या मुलखात कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु संगणकाची आज्ञावली, जिला आपण सर्रास सॉफ्टवेअर म्हणतो, ती झिजत नाही. दहा हजार वेळा चालवली तरी तिच्यातील एक अक्षरही पुसट होत नाही. मग विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरची चाचणी आणि सॉफ्टवेअरची देखभाल असे विषय कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कलाशाखेच्या वाचकांनी 'हा आपला प्रांत नव्हे' म्हणून पान उलटू नये, अशी विनंती आहे. हा विषय गणिताइतकाच वाचनाचाही आहे, हे पुढे दिसून येईल.

विषय कसा उभा राहिला

सुरुवातीच्या काळात आज्ञावली लिहिणे हेच सारे काम मानले जाई. आज्ञावल्या मोठ्या होऊ लागल्या, वेळेवर पुऱ्या होईनात आणि पुऱ्या झाल्या तरी चुकू लागल्या, तेव्हा १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत सॉफ्टवेअरकडे अभियांत्रिकीच्या शिस्तीने पाहण्याचा विचार पुढे आला. १९७९ मध्ये ग्लेनफर्ड मायर्स यांचे चाचणीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चाचणी हे स्वतंत्र शास्त्र म्हणून शिकवले जाऊ लागले. आपल्याकडे पुण्यात १९८१ साली टाटा उद्योगसमूहाचे संशोधन, विकास व आरेखन केंद्र स्थापन झाले. एका आज्ञावलीने दुसऱ्या आज्ञावलीची तपासणी कशी करावी, हा त्याच्या संशोधनाचा एक विषय राहिला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१५ च्या आराखड्यात संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षासाठी 'सॉफ्टवेअर चाचणी व गुणवत्ता हमी' हा वैकल्पिक विषय होता. भोर तालुक्यात धांगवडी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेव्हा हा विषय आता आपल्या गावांच्या वेशीपर्यंत आलेला आहे.

चाचणी म्हणजे काय

आज्ञावली बरोबर आहे हे दाखवणे म्हणजे चाचणी, असा सामान्य समज आहे. मायर्स यांनी नेमके उलट प्रतिपादन केले. दोष सापडावा या हेतूने आज्ञावली चालवणे म्हणजे चाचणी. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीही बजावले होते की, चाचणीने दोष आहेत एवढेच सिद्ध होते, दोष नाहीत हे कधीच सिद्ध होत नाही. याचे कारण साधे आहे. ज्या आज्ञावलीत एकापुढे एक असे वीस 'होय-नाही'चे प्रश्न आहेत, तिच्यातून जाण्याचे मार्ग १०,४८,५७६ होतात. सर्व मार्गांनी जाऊन पाहणे शक्य नसते. म्हणून कोणते थोडे मार्ग निवडावेत, ही चाचणीची खरी विद्या होय.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. जमिनीचे क्षेत्र एकर आणि गुंठे अशा दोन रकान्यांत भरून घेणारी एक छोटी आज्ञावली आहे, असे समजा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो, म्हणून गुंठ्यांच्या रकान्यात, पूर्ण संख्याच घ्यावयाच्या ठरवल्यास, ० ते ३९ एवढेच आकडे चालावेत. विद्यार्थी १०, १५, २५ असे आकडे घालून पाहतो आणि समाधान पावतो. पण हे तिन्ही आकडे एकाच गटातले आहेत, त्यांतील एक तपासला काय आणि तीन तपासले काय, माहिती तेवढीच मिळते. दोष बहुधा सीमेवर राहतो. म्हणून उणे १, ०, ३९ आणि ४० हे आकडे घालून पाहावेत. लिहिणाऱ्याने 'चाळीसपेक्षा कमी' याऐवजी 'चाळीस किंवा कमी' असे लिहिले असेल, तर फरक एका चिन्हाचा असतो, पण '३ एकर ४० गुंठे' आणि '४ एकर' अशा दोन नोंदींनी एकच क्षेत्र कागदावर दोन तऱ्हांनी उमटते. शेताच्या बांधाप्रमाणेच आज्ञावलीतही तंटे सीमेवर होतात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता तीन भावांची वाटणी करू. एक एकराचे तीन सारखे हिस्से करायचे आहेत. आज्ञावली दशांशाची दोनच स्थळे ठेवत असेल, तर प्रत्येकाला १३.३३ गुंठे मिळतील आणि बेरीज ३९.९९ येईल. उरलेला ०.०१ गुंठा कोठे गेला? एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो, म्हणजे जवळजवळ अकरा चौरस फूट जमीन कागदावरून नाहीशी झाली. शेतात ती जागच्या जागी आहे, पण कागद आणि शेत यांचा मेळ बसत नाही. कर्ज, खरेदीखत आणि कोर्टकचेरी ही सारी कागदावर चालतात. ही चूक प्रत्येक हिस्सा वेगळा पाहून सापडत नाही, हिश्शांची बेरीज मूळ क्षेत्राशी ताडून पाहिली तरच सापडते. चाचणी करणाऱ्याने व्यवहार जाणला पाहिजे, असे म्हणतात ते याचसाठी.

अभ्यासक्रमात चाचणीच्या पायऱ्या सांगितलेल्या असतात : आधी एकेक सुटा भाग तपासावा, मग भाग जोडून तपासावेत, शेवटी पूर्ण रचनेवर प्रत्यक्षातला भार घालून पाहावा. या पायऱ्यांचे महत्त्व वेल्हे तालुक्याला वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. धरणाचे काम पुरते झालेले नसताना पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यावर पाण्याचा मोठा भार आला. ते पाणी खाली खडकवासल्यावर आले आणि तेही धरण फुटले. पुण्याने जे सोसले ते सर्वश्रुत आहे. धरण आणि आज्ञावली या भिन्न वस्तू आहेत, परंतु दोन धडे समान आहेत. अपुऱ्या रचनेची पहिली भारचाचणी प्रत्यक्ष वापरात होऊ नये, हा एक. आणि जोडलेल्या रचनेत एका भागाचा दोष त्या भागापुरता राहत नाही, हा दुसरा.

देखभाल : बदलते काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आज्ञावली झिजत नाही, पण तिच्या भोवतालचे जग बदलते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. अशा एकेका निर्णयासरशी आदल्या दिवशी बिनचूक असलेल्या आज्ञावल्या जुन्या होतात.

हा बदल करणे सोपे वाटते. 'वेल्हे' दिसेल तेथे 'राजगड' घालावे, काम झाले! परंतु वेल्हे बुद्रुक हे गावाचे नाव आहे आणि नाव बदलले ते तालुक्याचे. डोळे मिटून केलेल्या बदलाने गावाचेही 'राजगड बुद्रुक' होऊन बसेल. शिवाय जुन्या दस्तांवर आणि दाखल्यांवर वेल्हे हेच नाव आहे व ते तसेच राहायला हवे. कोणी जुने नाव घालून शोध घेतला तर नोंद सापडली पाहिजे. म्हणजे एक शब्द बदलण्यापूर्वी तो कोठे कोणत्या अर्थाने आला आहे, हे संपूर्ण वाचून समजून घ्यावे लागते. आणि बदल केल्यावर पूर्वीच्या साऱ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, कारण एक दोष काढताना दुसरा शिरणे ही नेहमीची गोष्ट आहे.

बर्टन स्वॉन्सन यांनी १९७६ साली देखभालीचे तीन प्रकार सांगितले. सापडलेला दोष काढणे हा पहिला, वाटणीच्या हिशेबाची दुरुस्ती यात मोडते. बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणे हा दुसरा, तालुक्याचे नामांतर त्यात येते. वापरणाऱ्याला अधिक सोयीचे करून देणे हा तिसरा. लिएन्ट्झ आणि स्वॉन्सन यांनी १९८० मध्ये ४८७ संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत निम्म्याहून अधिक श्रम या तिसऱ्या प्रकारावर खर्च होत असल्याचे आणि निव्वळ दोषदुरुस्तीचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास असल्याचे आढळले. देखभाल म्हणजे केवळ ठिगळे लावणे, हा समज त्यामुळे टिकत नाही.

जगाकडे पाहिले तर या विषयातील मोठा धडा ४ जून १९९६ चा आहे. युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्यातील दिशादर्शनाचा भाग एरियान-४ वर व्यवस्थित चाललेला होता व तोच पुन्हा वापरला होता. नवे यान जुन्यापेक्षा वेगाने आडवे सरकत होते. त्यामुळे एक आकडा इतका वाढला की, त्याच्यासाठी राखलेल्या ३२,७६७ पर्यंतच्या जागेत तो मावेना. आज्ञावलीत काहीच बिघडले नव्हते, बदलले होते ते यान. नव्या यानाच्या उड्डाणमार्गावर त्या भागाची चाचणी घेतली गेली नव्हती.

शिकवावे कसे?

विद्यापीठीय शिक्षणातील अडचण येथेच आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थी कोऱ्या पानावर नवी आज्ञावली लिहितो, परीक्षकाला दाखवतो, गुण घेतो आणि ती मिटवून टाकतो. नोकरीत मात्र त्याच्या हाती बहुधा दुसऱ्याने लिहिलेली, दहा वर्षांची जुनी आज्ञावली येते. लिहिणारा निघून गेलेला असतो, टिपणे अपुरी असतात. अपरिचित मजकूर धीराने वाचण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते.

यावर उपाय खर्चिक नाहीत. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प पुढील तुकडीच्या स्वाधीन करावेत आणि त्यांत एक ठरावीक बदल करण्याचे काम द्यावे. प्रत्येक दोषाची नोंद वहीत ठेवावी : काय घातले, काय अपेक्षित होते, काय मिळाले. बदल करण्याआधी चाचण्या लिहून घ्याव्यात. आणि दोष शोधणाऱ्याला लिहिणाऱ्याइतकेच गुण द्यावेत.

या कामी कलाशाखेचा विद्यार्थीही बरोबरीने बसू शकतो. मराठी नावांची यादी संगणकाने वर्णक्रमाने लावावी, अशी मागणी आहे असे धरा. वर्णांना संगणकात जे अनुक्रमांक दिलेले आहेत, त्यांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो आणि 'क्ष' हा 'क'मध्येच मोडतो. केवळ त्या क्रमाने यादी लावली तर काळे हे कासारांच्या आधी आणि क्षीरसागर हे खऱ्यांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' शेवटी आहेत, हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. हा दोष त्याच्या नजरेला चटकन दिसेल, कारण तो यंत्राच्या नव्हे तर भाषेच्या बाजूने पाहतो.

वस्तुतः ही परंपरा आपल्याला परकी नाही. संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. दुसऱ्याचा ग्रंथ समजून घेणे, प्रत प्रतीशी ताडून पाहणे, चूक तेवढीच काढणे आणि आपले पांडित्य त्यात न मिसळणे, ही त्या कामाची पथ्ये होती. आज्ञावलीची देखभाल करणाऱ्यालाही हीच पथ्ये पाळावी लागतात.

भोर आणि राजगड तालुक्यांतील अनेक मुले मराठी माध्यमातून शिकून संगणकाच्या वर्गात येतात आणि आपण मागे आहोत अशी भीती मनात बाळगतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, या विषयात इंग्रजी बोलण्यापेक्षा शंका घेण्याची, ताडून पाहण्याची आणि व्यवहार ओळखण्याची सवय अधिक उपयोगी पडते. सातबारा वाचता येणारा, गुंठ्याचा हिशेब तोंडी करणारा आणि गावाचे नाव कोठे बदलू नये हे जाणणारा विद्यार्थी चांगला परीक्षक होऊ शकतो. प्रारंभ करावयाचा असेल त्याने कोणताही संगणकीय अर्ज समोर घ्यावा आणि त्याच्या सीमा कोठे आहेत, हे कागदावर लिहून काढावे. अभ्यासाचा पहिला तास तेथेच पुरा होईल.