एक्स-रेवरून मुलाचं वय कसं कळतं?

प्रश्न : मुलाचे दात वाकडे येताहेत म्हणून दाताच्या डॉक्टरांनी त्याच्या अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला. फिल्म पाहून त्या म्हणाल्या, "अकरा-साडेअकराचा असेल." तो साडेअकराचाच आहे! हे कसं कळलं? माझ्या वडिलांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत १ जून लिहून टाकली होती. त्यांची खरी तारीख अशी सापडेल का?
— एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : डॉक्टरांनी पाहिले ते हाडात दडलेले दात. दात हिरडीबाहेर कधी येईल, याचा नेम नसतो. दुधाचा दात किडून लवकर काढला किंवा जबड्यात जागा कमी पडली, की वेळ चुकते. आतली घडण मात्र ठरल्या क्रमाने होते. आधी दाताचा माथा तयार होतो, मग मूळ वाढतं आणि शेवटी मुळाचं टोक मिटतं. कुपोषणाने हाडांची वाढ जितकी मागे पडते, तितकी ही घडण पडत नाही.

तुमच्या मुलाच्या वयात, सहाव्या वर्षाच्या सुमारास आलेल्या दाढेची मुळं पूर्ण झालेली असतात. तिच्या मागची दाढ हाडात किंवा हिरडीच्या तोंडाशी असते आणि तिची मुळं अर्धवट असतात. त्याहून मागे अक्कलदाढेचा नुसता माथा घडत असतो. सरावलेल्या डोळ्याला एवढं पुरतं.

मोजून सांगायचं, तर पद्धती आहेत. कॅनडातल्या डेमिरजियान यांनी सहकाऱ्यांसह १९७३ मध्ये मांडलेली पद्धत सर्वाधिक वापरली जाते. खालच्या जबड्यातल्या डावीकडच्या सात दातांची घडण आठ टप्प्यांत तपासायची, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरजेवरून तक्त्यात वय पाहायचं. मुलींचे दात लवकर घडतात, म्हणून त्यांचा तक्ता वेगळा. मूळ तक्ते फ्रेंच वंशाच्या कॅनेडियन मुलांवरून केलेले असल्याने आपल्याकडे वय अनेकदा जास्त निघतं. म्हणून धारवाडच्या डॉ. आशिथ आचार्य यांनी २०११ मध्ये अक्कलदाढही धरून भारतीयांसाठी वेगळी सूत्रं दिली.

तरीही उत्तर येतं ते अंदाजाचं. एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांच्या दातांत वर्षभराचा फरक सहज असतो. पंधरा-सोळानंतर फक्त अक्कलदाढ घडायची उरते आणि तिचा तर काहीच भरवसा नाही. काहींना ती येतच नाही.

म्हणूनच कायदा फिल्मआधी कागद मागतो. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. १९९४ च्या पुण्यातल्या खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेला, नागपूर कारागृहातला कैदी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं, ते राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून.

वडिलांसाठी एक्स-रेचा उपयोग नाही. त्यांच्या दातांची वाढ केव्हाच थांबली. वयाबरोबर दातातली पोकळी अरुंद होत जाते, पण त्यावरून वय काढताना काही वर्षांची चूक होते. तारीख तर कुठल्याच वयात निघत नाही. जन्मगावच्या जन्मनोंदवहीत शोधा. तिथेही नाव नसेल, तर गुरुजींची १ जूनच चालू ठेवावी लागेल.