साबण बनवायचाय? आधी जर्मलचं पातेलं बाजूला ठेवा

साबणाचं काम शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "घरातलं जुनं पातेलं चालेल ना?" ते पातेलं कशाचं आहे आणि साबण कोणत्या पद्धतीनं करणार, यावर उत्तर ठरतं.

तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतणार असाल तर फार डोकं लावू नका. बेस म्हणजे आधीच झालेला साबण. एका पातेल्यात पाणी गरम करायचं, त्यावर स्टीलचं भांडं ठेवून बेस वितळवायचा. साचा सोडला तर नवीन काही घ्यायची गरज नाही.

खरी काळजी कोल्ड प्रोसेसमध्ये. तिथे तेलासोबत कॉस्टिक सोडा येतो आणि त्याचं अ‍ॅल्युमिनियमशी अजिबात जमत नाही. मिश्रण फसफसतं, भांडं झिजतं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. आपण ज्याला जर्मलचं पातेलं म्हणतो ते अ‍ॅल्युमिनियमच. हिंडालियमची कढईसुद्धा त्याच जातीची. नॉनस्टिकच्या आतही बहुतेक वेळा तेच असतं, एक ओरखडा पुरतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि कल्हईचं पितळी भांडंही नको, कारण जस्त आणि कथील दोन्हींना कॉस्टिक खातो.

मग घ्यायचं काय? जाड बुडाचं, 304 ग्रेडचं स्टील. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, "बघा, चिकटत नाही, म्हणजे 304!" पण 200 सिरीजचं स्वस्त स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही. बुडावरचा ग्रेडचा शिक्का बघा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. एक किलो तेलाला तीन लिटरचं पातेलं घ्या, म्हणजे ढवळताना बाहेर उडणार नाही.

कॉस्टिक पाण्यात विरघळवायला वेगळा जग लागतो. पाणी गॅसशिवाय 80-90 अंशांपर्यंत तापू शकतं, त्यामुळे तळाशी त्रिकोणात 5 आकडा असलेला जाड प्लास्टिकचा जग घ्या. काचेचा नको, चांगल्या बोरोसिलिकेटचाही नको. कॉस्टिक काच हळूहळू खातो आणि एखाद्या दिवशी गरम द्रावणासकट जग तडकतो. आणि कायम पाण्यात कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. हातमोजे आणि बाजूनंही बंद असलेला गॉगल हवाच. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

आता पैसे कुठे घालायचे? माझं मत विचाराल तर काट्यात. हिशोबच बघा. 500 ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण 91.5 ग्रॅम कॉस्टिक लागतो. आपण 5 टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवतो, म्हणून 87 ग्रॅमच घेतो. म्हणजे हाताशी मोकळीक किती? जेमतेम साडेचार ग्रॅम. तुमचा काटा 5 ग्रॅमनं चुकला की मोकळा कॉस्टिक वडीत राहिला, आणि ती वडी कुणाच्या तरी अंगाला लागणार. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटाच घ्या. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही.

साच्याला सिलिकॉन उत्तम. नाहीतर लाकडी खोक्यात बटर पेपर अंथरा. केकचा डबा बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तो नको. दुधाच्या टेट्रापॅकमध्येही अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हँड ब्लेंडर साधा चालेल, फक्त खालची दांडी स्टीलची हवी.

हे सगळं सामान परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. मार्करनं "साबण" लिहून वेगळ्या खोक्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

मोठं मिक्सिंग मशीन किंवा कटर मात्र लगेच बुक करू नका. आंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनात मोडतो. तो बनवून विकायला उत्पादनाचा परवाना लागतो, आणि परवान्यासाठी जागाही बघतात. जागा ठरल्यावरच मशीनचं माप घ्या.