उतरता दाब आणि चढते तापमान

हलक्या विमानाच्या इंजिनात तेलाचा दाब उतरू लागला आणि तापमान चढू लागले म्हणजे त्या विमानाभोवती तीन माणसे जमतात: ज्याला उद्या सकाळी उड्डाण करावयाचे असते तो वैमानिक, ज्याला खर्चास मंजुरी द्यावयाची असते तो चिटणीस, आणि ज्याच्या सहीनिशी ते विमान उड्डाणयोग्य ठरावयाचे असते तो सनदी अभियंता, आणि पहिल्या दोघांची घाई तिसऱ्याने आपली मानली की कारणाचा शोध बाजूस राहून काटा हिरव्या पट्ट्यात कसा आणावा एवढाच प्रश्न शिल्लक उरतो. माझी सारी नोकरी अशा काट्यांच्या संगतीत गेली असल्यामुळे, आणि एका विमानाने या घाईची किंमत सर्वांसमक्ष मांडून दाखविली असल्यामुळे, चार शब्द लिहून ठेवावे असे वाटते.

ते विमान सेस्ना 172 होते. या जातीच्या विमानांत 1968 पासून लायकमिंग कंपनीचे चार सिलिंडरांचे, 150 अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे ओ-320 हे इंजिन बसविले जाऊ लागले, त्यांपैकीच हे एक. विदर्भातील एका उड्डाणसंस्थेकडे ते होते, आणि एप्रिल संपून दुपारचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांकडे झुकू लागला की धावपट्टीवरून उठून दोन हजार फूट गाठेपर्यंत त्याच्या तेलाचे तापमान 245 अंश फॅरनहाइटच्या लाल रेषेला टेकू लागे आणि दाब 60 पौंडांच्या खाली घसरे. एका कार्यशाळेने त्यावर दोन इलाज करून पाहिले होते: दाब नियंत्रित करणाऱ्या झडपेचा स्क्रू आत फिरवून काटा वर आणला होता, आणि तेल थंड करणारा जुना कूलर काढून परदेशाहून मागविलेला नवा बसविला होता. बिल चुकते झाले, लॉगबुकात ‘दोष दूर केला’ असा शेरा पडला, पावसाळ्याने व हिवाळ्याने त्या शेऱ्यास पुष्टी दिली. आणि पुढल्या मे महिन्यात तीच तक्रार, दाबाचा आकडा तेवढा किंचित वरचा असल्यामुळे अधिक फसवी होऊन, पुनः उभी राहिली.

विमान माझ्या ताब्यात आले तेव्हा चिटणीसांनी विचारले, “आता आणखी काय बदलावे लागेल?” मी म्हटले, “साहेब, तूर्त काहीच बदलायचे नाही. एक पातेले आणि एक स्टोव्ह तेवढा मागवा.” त्यांना ती थट्टा वाटली. परंतु कोणत्याही तक्रारीचा पहिला साक्षीदार मापक असतो, आणि साक्षीदाराचीच रुजुवात न घेता निकाल देणे हे जसे कचेरीत तसेच हँगरमध्येही अन्यायाचे असते. तापमापकाचे तेलात बुडणारे टोक इंजिनाच्या मागील बाजूने सोडवून उकळत्या पाण्यात धरले असता काट्याने समुद्रसपाटीवर 212 अंश दाखवावयास हवेत. नागपूरच्या सुमारे तीनशे मीटर उंचीवर पाणी दोनएक अंश आधी उकळते, तेवढी वजावट करावी. आमचा काटा या परीक्षेत खरा उतरला. दाबमापकाच्या जोडीला तपासून घेतलेला दुसरा मापक लावला तेव्हा मात्र विमानातला मापक पाच पौंड कमी दाखवितो असे आढळले. म्हणजे तापमानाची तक्रार पूर्ण खरी होती आणि दाबाची काही अंशी अतिशयोक्त. एवढी गोष्ट कळावयास एक सकाळ लागली व खर्च रॉकेलचा झाला; कूलरची ऑर्डर देण्यापूर्वी ती कळून घेण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

मापकांची साक्ष झाल्यावर मी तेलाकडे न जाता वाऱ्याकडे वळतो. या इंजिनातील उष्णतेचा मोठा वाटा सिलिंडरांवरील पातळ कल्ल्यांमधून वाहणाऱ्या हवेनेच वाहून न्यावयाचा असतो. नाकाशी असलेल्या दोन तोंडांतून आत शिरलेली हवा इंजिनाच्या वरच्या बाजूस कोंडली जाते, तेथे तिचा दाब वाढतो, आणि त्या दाबाने ती कल्ल्यांच्या फटींतून खाली उतरून मागच्या मोकळ्या जागेतून बाहेर पडते. ही कोंडी करण्यासाठी इंजिनाभोवती पत्र्याचे आडोसे असतात, ज्यांना आम्ही बॅफल म्हणतो, आणि त्यांच्या वरच्या काठाला काउलिंगशी, म्हणजे इंजिनावरील पत्र्याच्या आवरणाशी, घट्ट भिडणारी रबराची लवचिक पट्टी असते. ही पट्टी इंजिनाच्या बाजूस, म्हणजे आत वळलेली असली की कोंडलेली हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. ती बाहेर उलटली की तीच हवा तिला ढकलून फट उघडते, आणि कल्ल्यांतून जाण्याचे कष्ट टाळून आडवाटेने पळून जाते. पट्टी उलटण्यास कोणाचा दुष्ट हेतू लागत नाही. घाईघाईने काउलिंग बसविणारा एक हात पुरे होतो.

काउलिंग उतरवून मी तिची आतली बाजू उजेडात धरली. जेथे रबर घासते तेथे काळसर, गुळगुळीत रेघ उमटलेली असते, आणि ती रेघ जेथे तुटते तेथे रबर टेकतच नाही, हा पुरावा कोणत्याही यंत्राशिवाय वाचता येतो. या काउलिंगवर रेघ मागच्या डाव्या कोपऱ्याशी येऊन वीतभर अंतर नाहीशी झाली होती आणि पुढे पुनः सुरू झाली होती. मग संध्याकाळी हँगरचे दिवे मालवून, काउलिंग पूर्ववत चढवून, बॅफलच्या मागे खालून बल्ब धरला आणि पुढच्या तोंडातून आत पाहिले: त्याच कोपऱ्यात उजेडाची फाक दिसली, आणि शिवाय दोन सिलिंडरांमधल्या एका छोट्या पत्र्याच्या जागी नुसतेच भोक. तो पत्रा पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत काढून पुनः बसवावयाचा राहिला असावा. साळुंक्यांचे घरटे मात्र त्या दिवशी सापडले नाही. हे सांगावयाचे कारण असे की उघड्या हँगरमध्ये चार दिवस उभ्या असलेल्या विमानाच्या नाकात काड्यांचा भारा मी अनेकदा पाहिला आहे, आणि उड्डाणापूर्वी त्या तोंडात नुसते डोकावण्याऐवजी हात घालून पाहावे हा सल्ला मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास देत असे.

पट्टी बदलली, पत्रा बसविला, आणि सिलिंडरशीर्षांचे तापमान चांगलेच खाली आले. तेलाचे मात्र थोडेच. अर्थात दुसरे एक कारण त्याच वेळी नांदत होते. थंड तेलाला कूलरमधून न जाता सरळ पुढे जाण्याची मुभा देणारी आणि तेल 180-185 अंशांपर्यंत तापले की ती आडवाट बंद करणारी एक उष्णतानियंत्रित झडप या इंजिनांत असते. आतील मेण तापून फुगते, दांडा लांबतो, आणि त्याचे टोक बैठकीवर जाऊन बसते. ही झडप काढून तापविलेल्या तेलात सोडली तर दांडा लांबतो की नाही हे डोळ्यांनी पाहता येते, आणि आमचा दांडा यथाप्रमाण लांबतही होता. परंतु त्याच्या शंकूसारख्या टोकावर बैठकीशी भिडल्याची चकचकीत कडी पूर्ण वर्तुळाची असावयास हवी, ती तीन चतुर्थांशच होती. उरलेल्या भागातून गरम तेल आडवाटेने निसटत होते. तेव्हा नवा कूलर कितीही उत्तम असला तरी त्याच्या वाट्याला सारे तेल येतच नव्हते, आणि जुना कूलर निर्दोष असून भंगारात गेला होता. कूलर बदलणे अनिवार्य ठरते ते इंजिनाच्या आत एखादा भाग मोडून धातूचे कण सर्वत्र फिरले असतील तेव्हा, कारण त्याच्या अरुंद वाटांत अडकलेले कण धुऊन निघतील याची हमी देता येत नाही. नुसते तापमान चढते एवढ्या कारणास्तव नव्हे.

आता त्या फिरविलेल्या स्क्रूविषयी, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे. दाबनियंत्रक झडप ही धरणाच्या सांडव्यासारखी असते: पाणी ठराविक पातळीच्या वर चढले तरच त्यावरून वाहते, आणि धरण अर्धे रिकामे असता सांडव्याची भिंत दोन हात उंच केल्याने पाण्याची पातळी तसूभरही वाढत नाही. इंजिन मंद गतीवर असता व तेल गरम असता दाब 25 पौंडांच्या किमान मर्यादेच्या आसपास असेल तर झडप मुळातच बंद असते, आणि बंद झडपेचा स्प्रिंग आवळून काहीही साधत नाही. म्हणून मी ही गोष्ट उलट बाजूने परीक्षेसाठी वापरतो: स्क्रू फिरविल्याने गरम तेलाचा मंद गतीवरील दाब बदलत असेल, तर झडप नीट बसत नाही, तिच्या गोळीखाली कार्बनचा कण आहे किंवा बैठक झिजली आहे, असे निश्चित समजावे. बदलत नसेल तर शोध दुसरीकडे न्यावा: तेलाची पातळी, तेलाचा दर्जा व ते ऋतूस योग्य आहे की नाही, तेलकुंडातील शोषणजाळीवर साचलेले गॅस्केटचे तुकडे, पंप, आणि सर्वांच्या शेवटी बेअरिंगांची झीज. झीज असेल तर ती एकाएकी प्रकट होत नाही. समान तापमानाला व समान फेऱ्यांना दाब महिन्यामागून महिना थोडा थोडा उतरत जातो, आणि तेलाची फिल्टर कापून तिच्या घड्या उलगडल्या असता त्यांत धातूची चकाकी दिसू लागते. चुंबकास चिकटणारे कण पोलादाचे, न चिकटणारे बहुधा ॲल्युमिनियमचे वा बेअरिंगच्या धातूचे. फिल्टर न कापता फेकून देणाऱ्या मेकॅनिकला मी माझ्या हाताखाली टिकू दिले नाही, आणि त्याबद्दल मला यत्किंचितही खेद नाही.

आमच्या विमानाच्या झडपेखाली कण सापडला नाही. स्क्रू मूळ स्थितीवर आणला, खोटे सांगणारा मापक बदलला, उष्णतानियंत्रित झडप नवी घातली. आणि तेल थंड राहू लागल्यामुळे घट्टपणा टिकून दाब आपोआप हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर स्थिरावला.

वैमानिकांसाठी थोडेच सांगावयाचे आहे. इंजिन सुरू केल्यापासून तीस सेकंदांत दाब न दिसल्यास ते तत्काळ बंद करावे. जमिनीवरील चाचणी विमानाचे नाक वाऱ्याकडे करून व आटोपशीर घ्यावी. उन्हाळ्याच्या दुपारी चढताना तापमान वाढू लागले तर नाक थोडे खाली करून वेग वाढू द्यावा आणि मिश्रण चढाईत पातळ करू नये, कारण जादा पेट्रोलही सिलिंडरशीर्षे थंड ठेवण्यास हातभार लावते. आकाशात दाबाचा काटा शून्यावर आला तर क्षणभर शेजारच्या काट्याकडे पाहावे: तापमान स्थिर असेल तर मापक किंवा त्याची नळी दोषी असण्याचा संभव अधिक, तथापि जवळच्या धावपट्टीवर उतरून खात्री करावीच, तापमान चढत असेल तर इंजिनाजवळ फार वेळ उरलेला नाही असे धरून, शक्ती कमी करून, उतरण्याजोगी जागा ताबडतोब निवडावी.

ज्यांच्या ताब्यात अशी विमाने आहेत त्यांना माझी विनंती अशी की लॉगबुकाखेरीज एक साधी वही ठेवावी आणि तीत प्रत्येक आठवड्यास एकदा, ठराविक फेऱ्यांवर व ठराविक उंचीवर, बाहेरचे तापमान, तेलाचे तापमान व तेलाचा दाब असे तीन आकडे लिहावेत. आणि एखाद्या अभियंत्याने सुटा भाग मागविण्याआधी काउलिंग उतरविण्यासाठी एक सकाळ मागितली, तर ती त्याला बिनतक्रार द्यावी.