शेतवस्तीवरील कुत्र्याचे सर्पदंशापासून संरक्षण



शेतवस्तीवर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबात एक तरी कुत्रा असतो. रात्री रानडुकरांची चाहूल तोच देतो, मोटारीची केबल चोरणारा आला तर पहिला तोच भुंकतो. बैलाला लस टोचली की नाही याची आपण आठवण ठेवतो, कुत्र्याला मात्र उरलेली भाकरी टाकली की आपले काम संपले असे समजतो. सापाशी समोरासमोर गाठ पडण्याची वेळ मात्र घरातील माणसांच्या आधी त्याच्यावरच येते.

प्रस्तुत लेखक कृषिविद्या विषयाचा शिक्षक आहे, पशुवैद्यक नाही. तरीही हा विषय लिहावयास घेतला, कारण घराभोवती साप का येतो या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्या शेतीच्या कामातच दडलेले आहे. दुसरे कारण घरचे आहे.

२०१४ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. मी त्या वेळी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. फुलंब्री तालुक्यातील आमच्या वस्तीवर मका मोडून झाला होता. चारा वाहून नेण्याचे कष्ट वाचावेत म्हणून मी घराच्या मागील भिंतीलाच चाऱ्याची गंजी लावली. गंजीच्या कडेला मोत्याची भाकरीची परात असे. दिवेलागणीला मोत्या गंजीपाशी जोरजोरात भुंकू लागला. मी घरातूनच "छू" म्हणालो. पुढच्या क्षणी तो केकाटत बाहेर आला. गंजीखाली घोणस होती आणि दंश नाकपुडीजवळ झाला होता. वडिलांनी हळद भरली. शेजारच्या गावात उतारा देणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे आम्ही त्याला नेले आणि रात्री दहाला परत आलो. सकाळी मोत्याची लघवी लाल झाली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत अकरा वाजले. तिसऱ्या दिवशी तो गेला. उतारा देणाऱ्याला दोष देऊन मला सुटता येणार नाही. गंजी मी लावली होती, परात तेथे मी ठेवली होती आणि "छू" सुद्धा मीच म्हणालो होतो.

साप घराकडे का येतो?

साप कुत्र्यासाठी येत नाही, माणसासाठीही येत नाही. तो उंदीर, बेडूक, पाली आणि कोंबडीची अंडी यांसाठी येतो. खरिपाचे पीक उभे असते तोपर्यंत उंदीर बांधावर व पिकात पोट भरतात. बाजरी, मका काढून शेत मोकळे झाले की ते धान्याच्या आणि चाऱ्याच्या मागे घराकडे सरकतात. त्यांच्या मागे साप येतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, तेव्हाही साप कोरड्या जागेच्या शोधात पडवीत, गोठ्यात, सरपणात येऊन बसतो. घोणशीचा मिलनकाळ हिवाळ्यात असल्याने थंडीतही ती फिरताना आढळते. पिले पावसाळ्याच्या सुमारास जन्मतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिलेच देते आणि एका वेळी वीस-तीसही देते. वीतभर पिलूसुद्धा जन्मतःच विषारी असते, हे लक्षात ठेवावे.

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महत्त्वाचे आहेत. घोणशीच्या अंगावर तपकिरी गोल ठिपक्यांच्या साखळीसारख्या रांगा असतात व डिवचल्यास ती कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. फुरसे लहान असते, फार तर दीड-दोन फूट. ते खडकाळ माळावर, दगडांच्या बांधात आढळते आणि अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखी खरखर करते. मण्यार काळीनिळी असून अंगावर पांढरे बारीक पट्टे असतात. हे पट्टे शेपटीकडे ठळक व मानेकडे पुसट होत जातात. बिनविषारी कवड्या सापात याच्या उलट असते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अथवा कुत्र्याला झोपेतच चावते.

धामणीला मात्र मारू नये. ती बिनविषारी आहे आणि एका हंगामात तिने खाल्लेल्या उंदरांचा हिशेब मांडला तर ती आपल्या शेतातील बिनपगारी सालदार ठरेल. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार साप मारणे हा गुन्हा आहे. घरात साप निघाल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा जाणकार सर्पमित्रास बोलवावे. तो येईपर्यंत कुत्र्याला दूर बांधून ठेवावे.

घराभोवतीची व्यवस्था

चारा, कडबा व सरपण घरापासून आणि कुत्र्याच्या जागेपासून किमान पन्नास-साठ फूट दूर ठेवावे. गंजी जमिनीवर न रचता दगडांवर फळ्या टाकून दीड फूट उंचीवर रचावी, म्हणजे खालून उजेड व हवा खेळते आणि तेथे कोणी दडून बसत नाही. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, जुने पाईप, विटा, पत्रे व रिकामी पोती यांचा ढीग आपल्या प्रत्येक वस्तीवर असतो. "लागेल कधीतरी" म्हणून तो वर्षानुवर्षे हलत नाही. तो उन्हाळ्यातच हलवावा आणि हलवताना हाताऐवजी काठीचा वापर करावा. दगडमातीच्या जुन्या भिंतींमधील भेगा लिंपून घ्याव्यात. मोरीच्या तोंडाला पाव इंच छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. रांजणाखालचा ओलावा व गळका नळ बेडूक जमा करतो. रात्रभर जळणारा दिवा दाराशी असेल तर किडे, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप अशी रांग दारापर्यंत येते. तो दिवा दारापासून थोडा दूर खांबावर लावावा.

कुत्र्याची परात रात्री उघड्यावर ठेवू नये. उरलेली भाकरी उंदरांना मेजवानी असते. संध्याकाळी खाऊ घालून अर्ध्या तासात भांडे उचलावे. झोपण्यासाठी त्याला जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बाजले किंवा सिमेंटचा ओटा द्यावा. भोवतालची सात-आठ फूट जागा गवतविरहित, झाडून स्वच्छ ठेवावी. पिल्ले घालणारी कुत्री बहुधा गंजीखाली किंवा लाकडांच्या आडोशाला जागा धरते. तिला आधीच खोलीत किंवा बंद शेडमध्ये जागा करून द्यावी. अनेक घरांत कुत्र्याला रात्री दोन हात साखळीने बांधतात. साप जवळ आला तर त्याला मागेही सरकता येत नाही. बांधणे भागच असेल तर साखळी लांब ठेवावी आणि ओट्यावरच बांधावे.

आमच्या भागात आल्याची व भाजीपाल्याची शेती वाढली, तशी कुंपणाला जुनी नायलॉनची जाळी लावण्याची पद्धतही वाढली. या जाळीत साप अडकतो, सुटण्यासाठी धडपडतो आणि कुत्रा त्याच्यावर झेप घेतो. घराजवळच्या कुंपणाला अशी जाळी लावू नये.

आता एका घातक सवयीविषयी. साप येऊ नये म्हणून घराभोवती फोरेटचे दाणे टाकणारे शेतकरी आजही भेटतात. फोरेटच्या वापरावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. घरात जुने पुडे शिल्लक असतील तर ते वापरू नयेत. हे दाणे कुत्रा, कोंबड्या आणि अंगणात रांगणारे मूल यांना मारतात. सापाला रोखण्यासाठी त्यांचा भरवसा धरता येत नाही. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या यांचीही तीच गत. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष वापरावयाचे असल्यास ते शेतातील बिळांतच घालून बिळे बुजवावीत, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. घराच्या आवारात मात्र पिंजरेच लावावेत. फॉस्फाईडवर उतारा औषध नाही. सापापासून वाचवलेला कुत्रा विषाने गमावण्यात काय शहाणपण!

कुत्र्याला लावावयाच्या सवयी

"आमचा कुत्रा साप मारतो" असे अभिमानाने सांगणारे बरेच भेटतात. अशा कुत्र्याचे आयुष्य फार नसते. दहा साप मारील, अकरावा त्याला मारील. पिलू लहान असतानाच हाक मारली की सर्व सोडून परत येण्याची सवय त्याला लावावी. आल्यावर भाकरीचा तुकडा द्यावा. चार-सहा आठवड्यांत हे जमते. सापाला पाहून भुंकणारा कुत्रा पुढे झेपावतो, मागे सरतो, पण जागा सोडत नाही. हे भुंकणे ओळखता येते. असे भुंकणे कानावर आले की "छू" न म्हणता त्याला परत बोलवावे, मग बॅटरी घेऊन दुरून पाहावे. अंधार पडल्यावर पाणी धरण्यास जाताना तो बरोबर येणारच. त्याला पट्ट्याने धरून, बॅटरी व काठी घेऊन, बांधाऐवजी मोकळ्या वाटेने जावे. वेचणीच्या कपाशीत, आले काढणीच्या वाफ्यात अथवा उसाच्या सरीत त्याला सोडू नये.

दंश झाल्यास

कुत्रा नाकाने हुंगत पुढे जातो, त्यामुळे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. घोणस व फुरसे चावल्यास जागा झपाट्याने सुजते, खूप दुखते, रक्त पाझरत राहते. पुढे हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते व मूत्रपिंड निकामी होते. नाग चावल्यास सुजेबरोबर लाळ गळते, पापण्या झुकतात, चाल लटपटते व श्वास मंदावतो. मण्यारीच्या दंशात सूज नसते, दातांची खूणही सापडत नाही. रात्री चांगला असलेला कुत्रा पहाटे उठत नाही, भुंकण्याचा आवाज बसतो, मागील पाय ओढू लागतो. अशा वेळी "वारे गेले असेल" म्हणून थांबू नये.

प्रथम गळ्यातील पट्टा काढावा, कारण सूज चढली की तोच फास होतो. कुत्र्याला चालवू नये. गोणपाटाची झोळी करून किंवा फळीवर निजवून उचलून न्यावे. वेदनेने तो मालकालाही चावतो, म्हणून तोंडाकडून धरू नये. मात्र उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर त्याचे तोंड बांधू नये. दोरीने आवळणे, पात्याने कापणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, तूप किंवा मिरची खाऊ घालणे यांपैकी काहीही करू नये. घरातील दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. माणसाच्या अनेक वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला अपायकारक असून काहींनी रक्तस्राव वाढतो. साप पकडण्यात वेळ घालवू नये. दुरून मोबाईलवर फोटो मिळाला तर घ्यावा. मेलेल्या सापाचे तोंडही हाताळू नये. दंशाची वेळ लिहून ठेवावी.

सर्पविषावर गुणकारी औषध एकच, ते म्हणजे प्रतिसर्पविष. मुंबईतील हाफकिन संस्थेचे नाव या औषधामुळे अनेकांना ठाऊक आहे. घोड्यांना चार सापांचे विष थोड्या थोड्या प्रमाणात टोचून त्यांच्या रक्तापासून ते तयार होते. माणसासाठी असलेले हेच औषध पशुवैद्यक कुत्र्यालाही देतात. कुत्रा लहान म्हणून मात्रा कमी, असा हिशेब येथे चालत नाही. मात्रा शरीरात गेलेल्या विषावर ठरते, म्हणून एका कुपीत भागेलच असे नाही. औषध शिरेतून, सलाईनमधून हळूहळू द्यावे लागते आणि त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. त्यामुळे ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घेण्याचा मार्ग धरू नये. रक्त गोठते किंवा नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात. त्या वेळी "लवकर सुई मारा" असा तगादा लावू नये.

खरी अडचण निराळीच आहे. दंश बहुधा रात्री होतो आणि दवाखाना सकाळी उघडतो. म्हणून मृगाच्या आधीच एक दिवस काढून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे व प्रतिसर्पविष शिल्लक असते का, नसल्यास कोणत्या औषध दुकानात मिळते, रात्री कोणते डॉक्टर येऊ शकतात, याची चौकशी करावी. ते क्रमांक दाराच्या आत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावेत. शेजारी १९६२ हा फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा क्रमांकही लिहावा. रात्री गाडी कोणाची मिळेल हेही ठरवून ठेवावे.

येथे सांगितलेली घराभोवतीची व्यवस्था केवळ कुत्र्यासाठी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत बहुसंख्य खेड्यांतील होती. मोत्याला चावलेली घोणस ज्या गंजीखाली होती, त्या गंजीतून रोज सकाळी माझी आई चारा उपसत असे.

उपचारानंतर कुत्रा उठून खाऊ लागला तरी आठवडाभर त्याच्यावर लक्ष ठेवावे. लघवीचा रंग व प्रमाण रोज पाहावे. लघवी कमी झाली, लाल दिसली किंवा कुत्र्याने खाणे सोडले तर पुन्हा दवाखान्यात न्यावे. दंशाच्या जागेची कातडी काळी पडून गळते, तेथे माशा बसून किडे पडतात. ती जखम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज धुवावी, पिण्यास स्वच्छ पाणी भरपूर ठेवावे आणि जखम पूर्ण भरेपर्यंत त्याला शेतात नेऊ नये.